बुलोकच्या रानातले पिंजरे

डार्विन, १२ जानेवारी १९८८

प्रिय क्लेममामा,

पोचले एकदाची. ॲडलेडपासून इथवर बसमध्ये इतके तास काढले की वॉर्डातल्या पोरी माझे सुजलेले पाय बघून म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीच खाटेवर आडव्या व्हा, आम्ही नाडी बघतो." इथे पाऊस नुसता कोसळतोय, उशीसुद्धा ओली लागते. तुमच्याकडे गवत वाळून काडी झालं असेल.

नाताळात निघताना तुझ्या गळ्यात काम मारून आले, त्याबद्दल नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आईच्या जमिनीवर गेल्या हिवाळ्यात मी बुलोकच्या झाडाची साठ रोपं लावली. नाताळात मोजली तर बावन्न. उरलेल्या आठांचे बोटभर खुंट होते, सुरीने तिरकं कापल्यासारखे. आईचं म्हातारं बुलोक ती गेली त्याच वर्षी वादळात पडलं, आणि ही साठ त्या पडलेल्या झाडाच्या बोंडांतली आहेत. बी धरणारं मादी झाड त्या रानात तेवढं एकच होतं, उरलेले तीन नर. म्हणजे ही रोपं गेली की संपलं, पुन्हा बी आणायला जागा नाही.

तुला आठवतं ना, आई दर वसंतात वाकून वाकून ते रान बघत फिरायची? माझ्या जन्मापासून तिला तिथे एकही लहान बुलोक सापडलं नाही. ससे ते दोन बोटं वर येऊच देत नाहीत. विष घालायचं तर कुंपणापलीकडच्या ग्लॅडिसची मेंढ्यांवरची कुत्री दिवसभर तिथेच हुंदडतात. जाळीची आळी करून पाहिली, तर वाळूत खालून उकरून आत शिरले. राहिले पिंजरे. बाराच्या बारा आईच्या शेडमध्ये ठेवलेत. सरकारी पत्रकात लिहिलंय की आधी पाच-सहा दिवस दारं उघडी बांधून ठेवायची आणि आत गाजराचे तुकडे टाकत राहायचं, ससे निर्धास्त झाले की मगच दार लावायला घ्यायचं. शरद ऋतूतला पाऊस पडला की हिरवं गवत येतं आणि मग गाजराकडे कोणी ढुंकून बघत नाही. म्हणजे आपल्या हातात एप्रिलपर्यंतचा वेळ आहे.

ज्याने जन्मभर ससे धरले त्याला मी, एक नर्स, शिकवतेय, हसू नकोस. पुढच्या वर्षी डिसेंबरात माझी इथली नोकरी संपते. तेव्हा मला त्या रानात परत यायचंय, आणि तिथे आईचं काहीतरी उभं असावं एवढीच इच्छा आहे.

तुझी,
नोरीन

*

वायलाप, २५ जानेवारी

प्रिय नोरीन,

हसलो. चांगला पोट धरून हसलो. ते पत्रक लिहिणाऱ्याने ससा बहुधा ताटातच पाहिलेला आहे. तरी दारं बांधून ठेवायचं लिहिलंय ते खरं आहे, तेवढं त्याला कोणीतरी शहाण्याने सांगितलं असावं.

तुझे पिंजरे मला आधी कोंबड्यांचे खुराडे वाटले. आमच्या वेळी दातेरी सापळे असायचे, मातीत पुरून वर कागद आणि बारीक माती. त्याच्यात सापडलेल्या सशाचा आवाज मी अजून विसरलेलो नाही, त्यामुळे पिंजरा बघून मला बरंच वाटलं. ससा आत जातो, पाटीवर पाय देतो, मागे दार पडतं आणि तो बापडा तिथेच बसून गाजर संपवतो. नव्या तारेला दुकानाचा वास येत होता, म्हणून सगळे पिंजरे दोन दिवस मातीत लोळवले. वर गोणपाट टाकतो, ऊन लागू नये म्हणून. रोज उजाडताना फेरी मारतो, त्याला उशीर करत नाही. मान एका झटक्यात मोडायची असते, ते माझे हात झोपेतसुद्धा करतील.

तुझं पत्र यायच्या आधीच सहा दिवस खाऊ घातलं होतं, सातव्या दिवशी दारं लावली. पहिल्या आठवड्यात नऊ मिळाले. एका पिंजऱ्यात तो आखूड शेपटीचा जाड सरडा बसला होता, ज्याचं डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं ते जवळ गेल्यावर कळतं. मी दार उघडून दिलं तरी हलेना. गाजर संपवूनच उठला.

ग्लॅडिस कुंपणावर कोपर टेकून बघत असते. काल म्हणाली, "क्लेम, बारा पिंजरे आणि एवढी गाजरं, तू ससे पकडतोयस की पाळतोयस?" मी म्हटलं, "तुझी कुत्री आवर, मग बघ." ती म्हणाली, "कुत्री आवरते, तू आपले ससे आवर." या बाईशी बोलण्यात अर्थ नाही.

रोपं आज अठ्ठेचाळीस.

तुझा मामा,
क्लेम

*

डार्विन, ४ फेब्रुवारी

प्रिय मामा,

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवलं. या लोकांनी जंगली ससा पाहिलेलाच नाही, इतक्या उत्तरेला तो टिकतच नाही म्हणतात. एक पोरगी म्हणाली, "अय्या, एवढे गोड ससे मारता?" मी तिला विचारलं, आपल्या आईचं झाड रोज सकाळी बोटभर कमी झालेलं बघशील का? तिने त्या दिवशी माझ्या डब्याला काही हात लावला नाही.

नऊ म्हणजे छानच झाले. पण अठ्ठेचाळीस वाचून मन थोडं खट्टू झालं. तू धरतोयस तर आता थांबायला हवं, नाही का? मी तुला घाई करत नाही. गुडघा कसा आहे? उजाडताना दव असतं, बूट घालून जात जा. चपला घालून जातोस ते ग्लॅडिसने मला फोनवर सांगितलंय.

तुझी,
नोरीन

*

वायलाप, १९ फेब्रुवारी

प्रिय नोरीन,

गुडघा आपल्या जागी आहे. ग्लॅडिसला मात्र आपल्या जागी बसवायला हवं.

आजपर्यंत पिंजऱ्यांत एकूण एकतीस आले. उन्हाळा कडक असल्यामुळे भुकेले आहेत, दार लावायचा अवकाश की सकाळी एक-दोन पिंजरे भरलेले असतात. आता मला चेहऱ्यावरून ओळखू यायला लागलेत. एक आहे कपाळावर पांढऱ्या ठिपक्याची. बाईसाहेब गुरुवारी तिसऱ्यांदा आल्या. मला बघून घाबरतही नाही, कोपऱ्यात बसून कान खाजवते. तुझ्या गाजरांवर अशी सुटलीय की पुढच्या वेळी दारातून आत मावायची नाही.

ढलप्यासारखी सुकलेली बुलोकची बोंडं फोडणारे ते काळे काकाकुवे परवा आले होते. तुझ्या आईच्या पडलेल्या झाडावर थोडा वेळ बसले आणि काही न मिळाल्यामुळे आरडाओरडा करून गेले.

रोपं चाळीस. वाईट वाटून घेऊ नकोस, ससे थकतील.

तुझा मामा,
क्लेम

*

डार्विन, २७ फेब्रुवारी

क्लेममामा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, दुसऱ्यांदा थांबले. तिसऱ्यांदा हसू आलं नाही.

ससा पिंजऱ्यात तिसऱ्यांदा कसा येतो?

एकदा आलेला ससा दुसऱ्यांदा येऊ नये यासाठीच तर तो पिंजरा आहे. तू तिला सोडतोयस. एकतीसपैकी किती सोडलेस ते तूच जाणे. मी इथे बसून रोज आकडे मांडतेय, इतके गेले म्हणजे इतके उरले असतील, आणि तू तिकडे त्यांना फुकट गाजरं चारून परत बिळात धाडतोयस. ग्लॅडिस थट्टा करत नव्हती, तिला दिसत होतं.

मामी गेल्यापासून तुला घरात करमत नाही हे मला कळतं. सकाळी उठून कोणाकडे तरी जायचं, कोणीतरी ओळखीचं दिसायचं, तेही कळतं. पण त्यासाठी कुत्रं पाळ, मामा. आईच्या झाडांवर सशांचं संगोपन करू नकोस. तुला जमत नसेल तर तसं सांग. हॉर्शममधल्या कीड-नियंत्रणवाल्या माणसाला मी पत्र टाकते, तो येऊन पिंजरे घेईल.

नोरीन

*

डार्विन, २५ मार्च

प्रिय मामा,

चार आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. मी फार टोचून लिहिलं. करमत नाही वगैरे लिहायला नको होतं, ते मला पोस्टाच्या पेटीत पत्र टाकतानाच कळलं होतं आणि तरीही मी ते टाकलं. हॉर्शमच्या माणसाला मी अजून काही कळवलेलं नाही.

काल ग्लॅडिसला फोन केला. ती म्हणाली, "पिंजरे शेडपाशी रचून ठेवलेत. क्लेम दारात दिसतो, पण हाक मारली तर हात हलवतो नि आत जातो." रोपं एकवीस राहिलीत, तिनेच जाऊन मोजली.

एकवीसचं दुःख मी करेन. पण तू बोलेनासा झालास हे मला सहन होत नाही. आईच्या मागे माझं म्हणावं असं माणूस तूच आहेस. चार ओळी लिही, शिव्या दिल्यास तरी चालेल.

तुझी,
नोरीन

*

वायलाप, ५ एप्रिल

प्रिय नोरीन,

शिव्या देत नाही. तू लिहिलंस ते बरोबर होतं, फक्त कारण चुकलं.

सशांचा मला लळा नाही. नर सापडला की मी मारतो. मादी हातात आली की हात उघडतो. आधी अंगठ्याने बघतो, नर की मादी, आणि मादी असली तर मी ठरवायच्या आत ती गवतात गेलेली असते. पहिल्या दिवशी झालं तेव्हा मला स्वतःलाच नवल वाटलं. नंतर वाटेनासं झालं, इतकं की तुला ते तिसऱ्यांदावालं गंमत म्हणून लिहून बसलो.

हा आमच्या बापाचा नियम. सापळ्यावरच्या सगळ्यांचाच होता, कोणी मोठ्याने बोलत नसे एवढंच. सरकार म्हणायचं ससे संपवा. आम्ही कातडी विकून आणि मांस खाऊन जगत होतो, आम्ही कशाला संपवतो? बाप म्हणायचा, "मादी सोडायची. तिला आज खाल्लीस तर थंडीत काय माझं डोकं खाशील?" दहाव्या वर्षापासून मी ते ऐकलं आणि केलं.

आता जे सांगतो ते तुझ्या आईने तुला सांगितलेलं नाही, मला खात्री आहे. एकोणीसशे चौतीस साली मेंढ्यांच्या एका मोठ्या मालकाने सगळ्या बाजूंनी विषाच्या गाड्या फिरवल्या. एका उन्हाळ्यात मैलोन्‌मैल ससा दिसेना. त्या थंडीत मी आणि बाप रोज चाळीस सापळे लावायचो आणि चाळीसच्या चाळीस रिकामे उचलून आणायचो. घरात पीठ होतं आणि चहा होता. आमचा एक धाकटा भाऊ होता, आर्ची, सात महिन्यांचा. आईचं दूध आटलं. ऑगस्टमध्ये तो गेला. डॉक्टरने न्यूमोनिया लिहिलं. आई म्हणाली, "न्यूमोनिया कसला, दूध नव्हतं." आयव्ही, तुझी आई, तेव्हा तेरा वर्षांची होती. त्याला दिवसभर कडेवर घेऊन तीच फिरायची. नंतर तिने त्याचं नाव कधी घेतलं नाही आणि ससा कधी तोंडात घातला नाही. मी सोळाचा होतो. त्या वर्षापासून मादी सोडणं माझ्यासाठी बापाचा नियम राहिला नाही, ते माझंच झालं.

आता कोणी उपाशी नाही, दुकानात पाव मिळतो, मला पेन्शन आहे. हे सगळं मला डोक्याने कळतं. पण ती गरम, जड पोटाची मादी हातात आली की मला आईचं तोंड दिसतं.

पिंजरे घेऊन जायला त्या माणसाला सांग. तुझी रोपं माझ्यामुळे गेली. तू विश्वासाने काम दिलंस आणि मी तुला फसवलं, याची मला लाज वाटते.

क्लेम

*

डार्विन, १४ एप्रिल

प्रिय मामा,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी प्रसूतीच्या वॉर्डात होते. छातीशी घेतलेलं बाळ दुधासाठी रडायला लागलं की आम्ही नर्स किती सहज म्हणतो, "थोडं थांब, येईल." त्या दिवशी माझ्याने म्हणवलं नाही. बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले, आर्चीसाठी आणि आईसाठी. माझा अजून एक मामा होता आणि मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळतंय. आई मला लहानपणी ताटातलं टाकू द्यायची नाही, ते मला कंजूषपणा वाटायचं.

त्या माणसाला मी सांगणार नाही. तो येऊन तुझ्या डोळ्यांसमोर माद्या मारणार आणि तू दारात उभा राहून बघणार, असं मला नकोय. पिंजरे शेडमध्ये टाकून दे. राहिलेल्या रोपांचं जे व्हायचं ते होऊ दे. मी मनापासून लिहितेय, रुसून नाही. मला रान मोकळं मिळालं तरी चालेल, तिथे तू असलास म्हणजे झालं.

आणि फसवलं असं म्हणू नकोस. तू फसवलं असतंस तर पांढऱ्या ठिपक्याची गोष्ट लिहिली नसतीस.

तुझी,
नोरीन

*

वायलाप, २९ मे

प्रिय नोरीन,

उशीर केला. हात मोकळे झाल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

तुझं पत्र वाचून मी पिंजरे खरंच आत टाकायला निघालो होतो. रानात एक राहिला होता, तो आणायला गेलो. ग्लॅडिस पलीकडे कुत्र्यांना पाणी पाजत होती. तिने मला हाक मारली नाही, म्हणजे मी कसा दिसत असेन ते समज. दम लागला म्हणून पडलेल्या बुलोकच्या खोडावर बसलो. पायाशी एक रोप होतं, त्याच सकाळी कापलेलं. शेंडा बाजूला पडलेला. खाल्लासुद्धा नव्हता, नोरीन. नुसता कापून टाकून दिला होता, आणि दोन हातांवर माझी गाजरं तशीच पडली होती.

तिथेच हिशोब माझ्या अंगावर आला. दहाव्या वर्षापासून सापळे टाकले, ते थेट सरकारने पसरवलेल्या रोगाने ससे मेले त्या साली सोडले. तेवीस-चोवीस वर्षं. त्यात किती माद्या सोडल्या असतील? एक मादी वर्षाला पंचवीस-तीस पिल्लं सहज घालते. आयव्ही लग्न करून या जमिनीवर आली तेव्हा मी पलीकडच्या रानात सापळ्यावर होतो. ती कुंपणाच्या अलीकडे वाकून बुलोकचं बाळझाड शोधायची आणि मी कुंपणाच्या पलीकडे माद्या सोडत होतो. कधी कधी आम्ही एकमेकांना हात केलेला आहे. तिने मला विचारलंही होतं, "क्लेम, का रे येत नसेल एकही?" मी म्हटलं, जमीन म्हातारी झाली असेल. मला खरंच तसं वाटत होतं.

तर दुसऱ्या दिवशी पुन्हा दारं बांधली आणि आठवडाभर चारलं. यंदा पाऊस लांबला, अजून नीट पडलेला नाही, म्हणून जमलं. मग लावली. या पाच आठवड्यांत सत्तावीस आले, त्यांत माद्या सोळा. एकही सोडलेली नाही. पहिल्या मादीला वेळ लागला. दार उघडून गोणपाटावर बसून राहिलो. ग्लॅडिस कुंपणापाशी आली. म्हणाली, "मी करू का?" थट्टा नव्हती आवाजात. मी म्हटलं, "नको, हे माझं काम आहे." ती गेली नाही, पाठ करून उभी राहिली. मग मी केलं. तिला दुखू दिलं नाही, तेवढं सांगतो.

पांढऱ्या ठिपक्याची सर्वांत शेवटी आली. तिच्या अंगावर दूध होतं. मी तिचं बीळ शोधून काढलं आणि आत जे होतं त्याचंही केलं, कारण नाहीतर ती पिल्लं उपाशी गेली असती. त्याबद्दल अजून काही लिहीत नाही. तुझ्यापाशी लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून एवढं लिहिलं. त्या संध्याकाळी ग्लॅडिसने मला घरी बोलावून मटण वाढलं. मी तिला आर्चीचं सांगितलं. इतक्या वर्षांत तुझ्यानंतर तिलाच.

आज अकरावा दिवस, पिंजरे रिकामे आहेत. गाजराचे तुकडे सुकून बोटाएवढे झालेत. ताजी लेंडी नाही, ताजं उकरलेलं काही नाही. तरी मी पिंजरे काढणार नाही, शेजारच्या रानातून येणारा येईलच, आणि आला की त्याला मी भेटेन.

रोपं अकरा उरली. त्यांतल्या चारांना नवे शेंडे आलेत, वीतभर म्हणता येणार नाहीत, पण आहेत. त्यांना बोंडं धरायला दहा-पंधरा वर्षं लागतात, आणि मी सत्तरीचा आहे, तेव्हा ते बघणं तुझ्याकडे. मादी किती आणि नर किती तेही तोवर कळायचं नाही. माझ्या अंगठ्याला झाडातलं कळत नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी रानात पुढच्या वर्षासाठी एकही मादी ठेवलेली नाही. रोज सकाळी रिकामे पिंजरे उचलताना मला अजून चौतीस सालचे ते चाळीस सापळे आठवतात. मग मी रोपं मोजतो. आज सकाळीही मोजली. अकराच भरली.

तुझा मामा,
क्लेम